पिवळ्या बादलीतली शहाळी : खानापूर तालुक्यातल्या एका तीस खाटांच्या दवाखान्याचं प्रकरण

दवाखान्याचं नाव देत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, तीस खाटांचा, बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया दोन्ही होणारा खाजगी दवाखाना, एवढं पुरे. पेशंट आसपासच्या गावांतले, काही नंदगडकडचे, काही जांबोटी-कणकुंबीच्या रानातनं येणारे. मालक डॉक्टर नवराबायको. ते सर्जन, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. मावश्या आणि वॉर्डबॉय झाडून सगळे मराठी, सिस्टर निम्म्याहून जास्त कित्तूर-बैलहोंगल भागातल्या कन्नड. छतावर सौर पॅनेल, दारात कुंड्या, रिसेप्शनच्या मागे पर्यावरणाविषयीचा एक चकचकीत फलक. वरवर पाहिलं तर या दवाखान्याला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

एका रात्री संसर्गजन्य कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना एका मावशीच्या तळहातात सुई घुसली. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या अशा वेळी जितक्या लवकर तितक्या चांगल्या. दोन तासांच्या आत मिळाल्या तर उत्तम, 72 तास उलटल्यावर उपयोग नाही. तिला त्या वेळेत मिळाल्या. हिपॅटायटिस बीच्या लसीचं कार्ड मात्र तिच्याकडे नव्हतं. ती ठेकेदाराची माणूस, त्यामुळे लस कुणी द्यायची यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं बंधनकारक आहे. माणूस पगारावर आहे की ठेक्यावर, हे नियम विचारत नाही.

दवाखान्यांच्या कचऱ्याचं काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना डॉक्टरांनी बोलावलं ते ‘स्टाफला एकदा ट्रेनिंग द्या’ म्हणून. ट्रेनिंग या प्रकारावर माझा फारसा विश्वास नाही. हॉलमध्ये स्लाइड दाखवायच्या, चहा-उप्पीट द्यायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि तपासणीला आलेल्या माणसापुढे फाइल ठेवायची, एवढंच त्याचं काम असतं. आम्ही म्हटलं, आधी दिवसभर बादलीपाशी बसू द्या.

बादलीत काय पडतं

बांधलेली पिशवी पुन्हा उघडून उपसायची नसते, म्हणून आम्ही आत पडणारी वस्तूच टिपायचं ठरवलं. बायकांच्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये एक पिवळी बादली होती. पेडल मोडलेलं, झाकण कायम उघडं. सकाळपासून तिच्यात पडलं ते असं: शहाळ्याची करवंटी, केळीची सालं, भाकरी गुंडाळून आणलेला वर्तमानपत्राचा कागद, गोळ्यांची रिकामी खोकी, सलाईनच्या बाटलीवरचं स्वच्छ वेष्टन, पुन्हा शहाळं. दुपारी एका ड्रेसिंगचा रक्ताळलेला कापूस पडला. त्या बादलीत खरोखर जायला हवी अशी दिवसातली ती पहिली वस्तू.

पेशंटच्या सासूला आम्ही विचारलं, इथंच का टाकलंत? त्यांनी आमच्याकडे जरा विचित्रच बघितलं. “मग कुठं टाकू? एकच बादली हाय की हितं.”

बरोबरच होतं त्यांचं. वॉर्डाच्या दाराशी चारही रंगांच्या बादल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, वर कन्नड आणि इंग्रजीत तक्ते. तपासणीच्या फोटोत त्या छान दिसतात. पण कचरा दाराशी तयार होत नाही. तो खाटेशी होतो, ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी होतो, लेबर रूमच्या टेबलाखाली होतो. ज्याच्या हातात शहाळं आहे तो पन्नास पावलं चालत दाराशी जाऊन रंग ओळखत बसणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार दवाखान्यातला साधारण 85 टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच असतो. घातक असतो तो उरलेला 15 टक्के. पण दोन्ही एका पिशवीत पडले की अख्खी पिशवी संसर्गजन्य धरावी लागते. पिवळ्या पिशवीचा शेवट भट्टीत होतो. या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान टिकवावं लागतं, तेव्हाच धुरातले विषारी घटक नीट जळतात. तिथे ओलं शहाळं गेलं की आधी त्याच्यातलं पाणी उकळायला इंधन लागतं, आणि भट्टी थंडावली तर डायॉक्सिनसारखी संयुगं धुराड्यातून बाहेर पडायची भीती. म्हणजे पर्यावरणाच्या नावानं उभी केलेली साखळी आपण शहाळ्यांनीच बिघडवत होतो.

पैशाचा हिशेब इथे उलटा आहे

कचरा नीट वेगळा केला की खर्च वाचतो, असं परिषदांत सांगतात. इथे तसं होत नव्हतं. बऱ्याच दवाखान्यांचा कचरा नेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामाईक प्रक्रिया केंद्राशी या दवाखान्याचा करार खाटेमागे, दिवसावर होता. तीस खाटा म्हणजे तीस खाटांचे पैसे, मग पिशव्या दोन जावोत की सहा. 75 किलोमीटरच्या आत सामाईक केंद्र असेल तर दवाखान्यानं स्वतःची भट्टी उभारायची नाही असा नियम आहे, त्यामुळे दुसरा पर्यायही नाही. डॉक्टर सरळ म्हणाले, “एवढी यातायात करून मला मिळणार काय?” प्रश्न रास्त होता, आणि याचं उत्तर पैशात देता येत नव्हतं.

मिळणार होतं ते मावशींच्या हाताचं रक्षण. मग आम्ही सगळा भर सुईवर दिला. शहाळ्याचा प्रश्न त्याच्या मागोमाग सुटत गेला.

रात्रपाळीचं गणित असं होतं. सुई कापायचं यंत्र एकच, तेही इंजेक्शन रूममध्ये. वॉर्ड लांब. रात्री एक सिस्टर, खाटा भरलेल्या. ती इंजेक्शन देई, सुईवर टोपण परत लावी आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवी. सकाळी सवडीनं कापू म्हणून. सुईला टोपण परत लावणं हे सुई टोचायचं एक मोठं कारण, हे प्रत्येक सिस्टर परीक्षेत लिहून आलेली असते. पण ट्रेमधली सिरिंज घाईत पिवळ्या बादलीत जाई. मावशींनी आम्हाला जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं: “टोपण असलं की आमाला वाटतंय धोका न्हाई, म्हणून आमी पिशवी दाबून बसवतोय. तेच टोपण आत निघतंय.”

उपाय साधाच होता. यंत्र ट्रॉलीवर आलं, दुसरं विकत घेतलं, आणि न भोसकणारा पांढरा डबाही ट्रॉलीच्या कडेला अडकवला. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. ट्रॉलीखाली एक छोटी लाल आणि एक छोटी पिवळी पिशवी. ड्रेसिंग झालं की कापूस तिथेच पिवळ्यात, हातमोजे आणि सलाईनची नळी तिथेच लालमध्ये. लाल पिशवीतलं प्लास्टिक वाफेवर निर्जंतुक होऊन, तुकडे करून पुन्हा वापरात जातं. ते पिवळ्यात पडलं तर जळून जातं, एवढा फरक. खाटांमधल्या पिवळ्या बादल्या उचलल्या आणि तिथे साध्या हिरव्या ठेवल्या, शहाळी मावतील एवढ्या मोठ्या. फुटलेल्या व्हायलची, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्यांची, निळी पेटी औषधाच्या खोलीत.

तक्त्यांचंही एक पाहिलं. सरकारी नमुन्याचे कन्नड तक्ते आहेत तसेच ठेवले, ते लागतातच. पण पहाटे चारला, अर्धवट उजेडात, कुठल्याच भाषेतला तक्ता कुणी वाचत नाही. स्टोअरवाल्या पोरानं प्रत्येक बादलीच्या वर प्लायवूडची एक फळी ठोकली आणि तिच्यावर खऱ्या, न वापरलेल्या वस्तू चिकटवल्या: लालच्या वर हातमोजा, नळी, सुई काढलेली सिरिंज, पिवळ्याच्या वर कापूस आणि गॉझ, निळ्याच्या वर रिकामी व्हायल. सिस्टर कन्नड, मावशी मराठी, पेशंटचा नातेवाईक कोकणीही असेल. फळी सगळ्यांना कळते. सीमाभागात पाटीच्या भाषेवरून किती वाद होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. इथे तेवढी कटकट वाचली.

वार

लेबर रूममध्ये वेगळाच पेच होता, आणि बाहेरच्या तज्ज्ञाला तो दिसलाही नसता. बाळंतपण झाल्यावर आजी बाहेर थांबलेली असते आणि बाळामागून पडणारी वार मागते. घराच्या मागे, परसात पुरायची असते. घरी बाळंतपणं होत तेव्हा सुईण तेच करायची. नियमात वार म्हणजे मानवी अवयवांचा कचरा: पिवळी पिशवी, नोंद, बारकोड, भट्टी. पूर्वी दवाखान्यात कुणी सिस्टर दया येऊन पिशवीत घालून द्यायची, कुणी हाकलून लावायची. ज्याची जशी पाळी तसा न्याय.

डॉक्टरीणबाईंनी इथे पद्धत घालून दिली, आणि तिचं श्रेय पूर्ण त्यांचं. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच त्या सासू-आईला बसवून सांगतात की वार देता येणार नाही, का देता येणार नाही, कावीळ किंवा दुसरा संसर्ग त्यातून घरात कसा येऊ शकतो. बाळाची नाळ वाळून घरीच गळून पडते. कुणाला काही पुरायचंच असेल तर ती पुरा, असंही सांगतात. एका आजींनी मान डोलावून विचारलं, “मग ती जाळताना कोण बगतंय काय? कुत्र्याच्या तोंडी तर पडत न्हाई न्हवं?” त्या मागणीमागची भीती ही होती. सगळा आग्रह पुरण्यासाठी होता असं आम्ही धरून चाललो होतो. निम्मा तरी कुत्र्यांच्या धाकानं होता. तेव्हापासून मागच्या बाजूची कचऱ्याची खोली, तिचं कुलूप, गाडी येते ती वेळ, हे सगळं त्या नातेवाइकांना दाखवतात. वादावादी जवळजवळ थांबली.

पाऊस

खानापूरचा पाऊस ज्यानं अनुभवला नाही त्याला हे प्रकरण अर्धंच कळेल. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैत दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. या दिवसांत दवाखान्याची दोन गणितं कोलमडतात.

एक, गाडी. अवयव आणि रक्ताळलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. साठवावा लागलाच तर कारण देऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. रस्ता खचला, झाड पडलं, पाणी चढलं की गाडी येत नाही. कचऱ्याची खोली पत्र्याची, गळकी. पिशव्या भिजत, पाणी दाराखालून बाहेर. आता खोलीला कौलं घातली, जमीन उंच करून फरशी केली आणि धुण्याच्या पाण्याची मोरी बंद नळीनं टाकीला जोडली. कौलं खानापूरचीच. गाडी चुकली की त्याच दिवशी मंडळाला ईमेल जातो आणि त्याची प्रत फाइलला लागते. पूर्वी हे कुणी करत नसे. तारीख मागेपुढे लिहून मोकळे होत.

दोन, कपडे. शस्त्रक्रियेला लागणारी कापडी चादरी-गाऊन धुऊन, वाळवून, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या यंत्रात निर्जंतुक) करायची ही इथली जुनी रीत, आणि चांगली रीत. पण पावसात कापड वाळत नाही. दमट कापडाचा गठ्ठा ऑटोक्लेव्हमधून ओला निघाला तर तो निर्जंतुक धरता येत नाही. म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत एकदा वापरून फेकायचे सेट यायचे, आणि पिवळ्या पिशव्या फुगायच्या. कापडाचे आणखी दोन जोड शिवून घेतले, मागच्या पडवीला पारदर्शक पत्रा आणि दोन पंखे बसवले, आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया एका दिवशी न ठेवता आठवड्यात पसरल्या. हे शेवटचं सर्जनना अजिबात आवडलं नव्हतं. अस्थिरोगाच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेरून येणारे डॉक्टर आजही फेकायचाच सेट मागतात आणि त्यांना तो दिला जातो. ठीक आहे.

जास्त औषध, जास्त वास

सुई टोचल्याच्या प्रसंगानंतर भीतीपोटी हायपोक्लोराइटचा, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाचा, मारा सुरू झाला होता. फरशीला, कपड्याला, मोरीला, कॅनचे कॅन. महिनाभरात सेप्टिक टँकचा असा वास सुटला की शेजारच्या घरातून तक्रार आली. मग आणखी हायपो ओतला.

सेप्टिक टँक चालतो तो जंतूंच्या जिवावर. मैला पचवणारे जंतू क्लोरीननं मारले की टाकी नुसता हौद होते आणि न पचलेला मैला पुढे शोषखड्ड्यात जातो. गावात भुयारी गटार नाही, तेव्हा तिथून तो विहिरींच्या पाण्यात आणि ओढ्यानं मलप्रभेत. निर्जंतुक करायचा असतो तो लॅबमधला आणि रक्तमिश्रित द्रव, तोही उगमाशीच: एक ते दोन टक्क्यांचं द्रावण, वीस मिनिटं, मग मोरी. साध्या फरशीला साबणपाणी पुरतं. टाकी उपसून पुन्हा बसवायला वेळ गेला. दहा किंवा जास्त खाटांच्या दवाखान्याला सांडपाण्याची मानकं लागू आहेत, त्यामुळे पुढेमागे छोटा प्रक्रिया प्रकल्प बसवावाच लागणार. त्याची किंमत ऐकून डॉक्टरांनी विषय बदलला, आणि सध्या तो तिथेच आहे.

छत आणि निळा सिलिंडर

सौर पॅनेलविषयी थोडक्यात. 5 किलोवॉटचे पॅनेल बसवताना मालकांची अपेक्षा होती की वीज कंपनीची, हेस्कॉमची, लाइन गेली की हे चालतील आणि जनरेटरचं डिझेल वाचेल. पण लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला मागून शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. आता लसीचा फ्रिज, बाळांचं वॉर्मर आणि शस्त्रक्रियेचा दिवा बॅटरीवाल्या वेगळ्या इन्व्हर्टरवर आहेत, आणि ऑटोक्लेव्ह शक्यतो भर दुपारी लावतात.

याहून मोठी गोष्ट छतावर नव्हती, मागच्या खोलीत होती. नायट्रस ऑक्साइड या भुलेच्या वायूचे निळे सिलिंडर. इथली बहुतेक सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन होतात. नायट्रस क्वचित लागतो. तरी सिलिंडर ठरावीक अंतरानं संपत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वापराची वही आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवली, वायूच्या पाइपलाइनच्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, आणि दोन ठिकाणी बुडबुडे आले. स्कॉटलंडमधल्या दवाखान्यांतही तपासणीत हेच दिसलं होतं: पाइपलाइनमधला बहुतेक नायट्रस पेशंटपर्यंत पोचतच नाही.

हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 273 पट तापवणारा आहे, आणि हवेत शंभराहून जास्त वर्षं टिकतो. एक किलो गळाला म्हणजे आपल्या ग्रिडची साधारण 380 युनिट वीज जाळल्यासारखं. 5 किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 20 युनिटांच्या आसपास देतात. म्हणजे एका किलोच्या गळतीनं पॅनेलची जवळपास 19 दिवसांची कमाई पुसली जाते, आणि खानापूरच्या जुलैत तर महिन्याहूनही जास्त. पाइपलाइन बंद केली. भुलेच्या मशीनला छोटा सिलिंडर जोडला, काम झालं की चावी बंद. खर्च शून्य. भूलशास्त्राच्या परिषदांत डेस्फ्लुरेन हे हवा तापवणारं भुलेचं औषध बंद करण्यावर तासभर भाषणं होतात; या दवाखान्यात त्याची बाटली कधी आलीच नव्हती. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांनी आधी मागच्या खोलीतले सांधे तपासावेत, असं मी आता जिथे जाईन तिथे सांगतो.

जे तसंच राहिलं

शिबिरांचा गुंता पूर्ण सुटलेला नाही. हे डॉक्टर चंदगड तालुक्यात शिबिराला जातात आणि वापरलेल्या सुया गाडीच्या डिकीतून परत आणत. नियमांत शिबिरंही येतात, आणि चंदगडचा कचरा महाराष्ट्राच्या मंडळाच्या अखत्यारीतला. तिकडच्याच एका दवाखान्याच्या व्यवस्थेत तो द्यायचा असं तोंडी ठरलं आहे. कागद अजून झालेला नाही.

खाटेच्या दराबद्दलही बोलणं झालं. पिशवीवर बारकोड असतो, वजन नोंदलेलं असतं, तर मग पैसे वजनावर घ्या, असं डॉक्टरांनी केंद्राच्या माणसाला सुचवलं. त्याचं उत्तर मला आजही खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही प्रामाणिकपणे वेगळं कराल. पण किलोवर पैसे लावले की निम्मे दवाखाने पिवळी पिशवी साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून नगरपंचायतीच्या गाडीला देतील. आज तसं करून त्यांना काही फायदा नाही, म्हणून तर आमच्याकडे येतंय.” नवा करार जुन्याच दरानं झाला. पिशव्या कमी जातात, पैसे तेवढेच जातात, आणि ठेक्यावरच्या सगळ्या मावश्यांच्या लसीचा खर्च ठेकेदाराबरोबरच्या करारात त्याच्याऐवजी दवाखान्याच्या नावावर लिहिला आहे.